सातवा तुकडा

ती गेली तो मंगळवार होता. मी एका कोल्ड स्टोरेजच्या तळघरात पंपाचं सील बदलत होतो. तिथे फोनला रेंज नसते. म्हणून फोन नेहमीप्रमाणे हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत टाकला होता, पेटी वर वॉचमनच्या खोलीत ठेवली होती आणि लागतील तेवढीच हत्यारं घेऊन खाली उतरलो होतो. सव्वा वाजता जेवायला वर आलो. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, तुमची पेटी मघापासून घरघरतेय. उघडावी की नको, म्हणून नुसता बघत बसलो."

अकरा मिस्ड कॉल होते. अकराही आमच्या तळमजल्यावरच्या टेलरबाईंचे.

मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "भाऊ, घरी या. गाडी तुम्ही चालवू नका, कुणाला तरी बरोबर घ्या." तेवढ्यावरच मला कळलं. तरी मी विचारलं, "डॉक्टरांना बोलावलंत का?"

"येऊन गेले," त्या म्हणाल्या.

खाली पंप उघडा पडला होता. व्हॉल्व्ह बंद करायला मी परत तळघरात धावलो. बायको गेली आणि मी व्हॉल्व्ह बंद करायला धावलो, याचं काय सांगायचं ते मला आजही कळत नाही. तिसऱ्या पायरीवरून घसरलो आणि उजवा गुडघा लोखंडी कडेवर आपटला. तेव्हापासून चालताना उजवा पाय थोडा ओढला जातो. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे भरून येईल. म्हणजे येणार नाही.

घरी पोचलो तेव्हा ती तिच्या खोलीत खुर्चीवरच होती. कानाला हेडफोन. समोरच्या डब्यांवरचे दिवे चालू. टेलरबाई दाराशी उभ्या होत्या. "दुपारचं पाणी आज जरा लवकर सोडाल का, ते विचारायला वर आले होते हो," त्या सारखं म्हणत होत्या, जणू त्यांचंच काही चुकलं होतं. हेडफोन मीच काढला. कानाशी धरून पाहिला. त्यातून काहीच येत नव्हतं.

ती आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ती नोकरी सुटल्यावर तिने कुणाकडून तरी मोडका सिंथेसायझर आणला. मी त्याची बटणं दुरुस्त करून दिली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आता त्या खोलीत पाच डबे आहेत, नव्वदएक खटके आणि वायरींचं जंजाळ. त्यातून ती नुसत्या विजेचं संगीत करायची. नाव घेतलं होतं टाचणी. तिचे ठोके तसेच होते, बारीक, टोकदार, एकामागोमाग एक. पन्नाशीच्या बाईच्या ठोक्यांवर कॉलेजातली पोरं घाम निघेपर्यंत नाचायची. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आई फेमस आहे, तुम्हाला पत्ता तरी आहे का?" मी म्हणायचो, "फेमस बाईने आज मीठ दोनदा घातलंय."

तिचा एक नेम होता. बाहेरचा आवाज घ्यायचा नाही. मायक्रोफोन घरात कधी आलाच नाही. जो आवाज हवा तो विजेतून घडवायचा, एकेक खटका फिरवून. "बाहेरची हवा आत आली की काम नासतं," असं ती म्हणायची. हे मी आधीच सांगून ठेवतो.

जाण्याच्या दोन वर्षं आधी तिचा शेवटचा अल्बम आला. सात तुकडे. नावं नाहीत, नुसते आकडे. आणि ठोका एकही नाही. लांबच लांब घरघर, मध्येच काही खुट्ट झाल्यासारखं, परत घरघर.

ऐकणाऱ्यांत उभी फूट पडली. मुलीने मला त्यांची नावं सांगितली, ठोकेवाले आणि घरघरवाले. ठोकेवाल्यांनी लिहिलं, टाचणी बोथट झाली. एकाने लिहिलं, बाईंना झोप येत असेल तर झोपावं, रेकॉर्ड कशाला काढावी. घरघरवाले उलट म्हणत होते की आधीचं सगळं पोरखेळ होता, खरं काम हे आहे. एकत्र नाचणारे दोस्त एकमेकांशी बोलेनासे झाले म्हणे. ती सगळं वाचायची. कुणाला उत्तर दिलं नाही.

मी ठोकेवाला होतो. सरळ सांगतो.

"ठोके कुठे गेले गं?" मी विचारलं.

"संपले."

"संपले म्हणजे? किराणा आहे का?"

ती हसली नाही. म्हणाली, "अहो, मी आता काही करत नाही. जे येतं ते घेते. तुम्ही एकदा ऐका ना, शेवटपर्यंत. लोकांचं जाऊ दे. तुम्हाला कळेल."

"मला काय कळणार त्यातलं?"

"पंपाला पेचकस लावून आत काय बिघडलंय ते सांगता. माझं नाही कळणार?"

मी म्हणालो, "पंप निदान पाणी तरी चढवतो."

हे मी गमतीत म्हणालो होतो. तिने मान हलवली आणि आपल्या खोलीत गेली. नंतरही दोनतीनदा म्हणाली, ऐका. मी म्हणालो, रविवारी ऐकू. दोन वर्षांत शंभरेक रविवार असतात. त्यानंतर तिने नवं काही केलं नाही. नुसती हेडफोन लावून बसायची. एकदा मी विचारलं, "दिवसभर करतेस तरी काय?" तर म्हणाली, "जुळतंय का बघते."

ती गेल्यावर मुलगी महिनाभर राहिली आणि तिच्या गावी परत गेली. तिला नोकरी आहे, दोन मुलं आहेत. मी कामावर जायला लागलो. लोक म्हणतात कामात मन रमतं. मन रमत नाही, हात रमतात.

आमच्या इमारतीचा पंप जिन्याखाली आहे. जुना, पट्ट्यावरचा. मोटर लहान आणि पंपाचं चाक जड. बटण बंद केलं तरी चाक दहाबारा सेकंद फिरत राहतं, मग थांबतं. इमारतीत आठ घरं आहेत, पण बटणाला हात मी लावायचा हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. सकाळी सातला आणि दुपारी चारला चालू करायचा, वीस मिनिटांनी टाकी भरली की बंद. मी कामावर असलो तर दुपारचं ती बघायची.

अडीच महिन्यांनी त्या पंपाचं बेअरिंग गेलं. मी नवं आणलं आणि बसवलं. आता बेअरिंगला दोन कडी असतात, आतलं आणि बाहेरचं, मध्ये गोळ्या. शाफ्टवर बसवताना ठोकायचं असतं ते आतल्या कड्यावर. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर सगळा मार गोळ्यांवर येतो, कड्यांना बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग जन्मभर कुरकुरतं. ही पहिल्या आठवड्यात शिकायची गोष्ट. माझी तेहतीस वर्षं झाली आहेत या कामात. त्या दिवशी मी बाहेरच्या कड्यावर ठोकलं. तीन घाव. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं आणि मी हातोडी तशीच धरून जिन्याखाली बसून राहिलो.

परत काढायचा कंटाळा आला. पंप चालू केला. चालताना गुरगुरला. बंद केल्यावर चाक हळू होत गेलं तशी गुरगुर सुटी झाली आणि एकेक टक ऐकू यायला लागली. टक टक टक टक. टक. टक. मग पूर्ण थांबलं असं वाटेस्तोवर आणखी एक, उशिरा.

टेलरबाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, हे असंच राहणार का? माझ्या मशीनचा नि याचा आवाज मिळून माझं डोकं शिवून निघालंय."

"रविवारी बदलतो," मी म्हणालो.

त्याच सुमाराला रेडिओवाला आला. तो रेडिओवर नव्या संगीताचा कार्यक्रम करतो. चाळिशीचा, सौम्य माणूस. त्याला माझ्याकडून तिच्याबद्दल चार शब्द रेकॉर्ड करून हवे होते. दोनदा येऊन दार वाजवून गेला होता म्हणे, मला ऐकूच गेलं नव्हतं. आमच्या दाराला बेल नाही. तिने काढून टाकली होती. बेल वाजली की हातातलं निसटतं, म्हणायची.

"काका, लोकांचा एकच प्रश्न आहे," तो म्हणाला. "त्यांनी शैली का बदलली?"

"कंटाळा आला असेल."

तो वहीत काही लिहिणार होता, थांबला. "माझ्या घरातही यावरून भांडण आहे. बायको ठोकेवाली. तिला शेवटच्या अल्बममध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नाही, नुसती घरघर. मला मात्र..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तर घरातले."

"मी ऐकलेला नाही."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "एकही तुकडा?"

"नाही."

"काका, त्यात एक माणूस राहतो," तो म्हणाला. "कुठल्यातरी घरात. आम्हा बऱ्याच जणांना तो ऐकू येतो. निम्म्या लोकांना नाही. भांडण खरं त्याच्यावरून आहे, ठोक्यांवरून नाही. पाचव्यात काहीतरी यंत्र आहे, ते थांबताना टकटक करतं. आम्ही ती मोजतोसुद्धा. शेवटची एक उशिरा येते."

मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. सकाळचं पाणी सोडलं, तिच्या खोलीत गेलो, तिच्या खुर्चीत न बसता स्टूल घेतलं आणि पहिल्या तुकड्यापासून लावलं. हेडफोन नाही, स्पीकरवर.

पहिले तीन म्हणजे घरघर. खोटं कशाला बोलू, मला झोप येत होती. चौथ्यात घरघर मध्येच तुटली आणि पत्र्यावर काहीतरी थरथरल्यासारखा आवाज आला. थांबला. परत आला. असं बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत होतो.

पाचव्यात जिन्याखालचा पंप चालू झाला.

मी उठून जिन्यापर्यंत गेलोसुद्धा. खाली पंप बंद होता. टेलरबाईंचं मशीन चाललं होतं. मी परत आलो. स्पीकरमध्ये तो गुरगुरत होता. मी उभ्यानेच ऐकलं. बटण बंद झाल्याचा खटका आला आणि चाक हळू होऊ लागलं. नऊ टक मोजल्या. मग शांत. मग उशिरा दहावी.

चार वाजता मी खाली जाऊन आमचा पंप चालवला आणि बंद केला. नऊ. मग दहावी.

मी वेडा नाही. मी सगळं तपासलं. जुनं बेअरिंग मी डब्यात ठेवलं होतं. ते बोटावर फिरवून पाहिलं. ते झिजलेलं होतं, सुकं सुकं सूं करायचं, त्यात टक नव्हती. म्हणजे जुन्या पंपाचा आवाज तिने कुठे ऐकून घडवला असेल, तर तो हा नव्हे. हा आवाज माझ्या तीन घावांचा होता, आणि ते घाव तीन आठवड्यांपूर्वीचे. अल्बमवरची तारीख पाहिली. टेलरबाईंच्या कॅलेंडरवर हिशेब करून पाहिला. तो आल्याला सव्वादोन वर्षं झाली होती.

मग मी चौथा परत लावला आणि पत्र्यावरची थरथर मोजली.

अकरा वेळा.

तो आवाज मी कधीच ऐकलेला नव्हता. तेव्हा मी तळघरात होतो. तो फक्त वॉचमनने ऐकला होता.

मुलीचा संध्याकाळी फोन आला. "बाबा, जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

"जेवलो गं."

"आवाज कसा येतोय तुमचा. काय करत होतात?"

"तुझ्या आईचा अल्बम ऐकत होतो."

"मला तो आवडत नाही, बाबा," ती म्हणाली. "नुसती घरघर. नका ऐकू. जुने लावा, ठोक्यांचे."

"बरं," मी म्हणालो.

सहावा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडून झाल्यावर ऐकला. त्यात पावलं होती. एक पूर्ण पडणारं आणि एक ओढत येणारं. खोलीतून बाहेर, परत खोलीत. मागे पंप चालला होता, पण साफ. गुरगुर नाही, टक नाही. लोण्यासारखा. मग लाकडावर धातू टेकल्याचा एक बारीक आवाज. तिथे प्लेअरवरच्या आकड्यात तीन मिनिटं दहा सेकंद झाले होते.

रविवारी मी बेअरिंग बदललं. नवं आणलं आणि पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर धरून नीट बसवलं. का बदललं? टेलरबाईंना शब्द दिला होता म्हणून. आणि सहाव्यात पंप साफ होता म्हणूनही. दोन्ही खरं. चालू केला. लोण्यासारखा चालला.

"आता कसं," टेलरबाई म्हणाल्या. "अहो, मिस्त्री घरात आणि पंप आजारी, लोक काय म्हणतील!"

टाकी अजून अर्धीच भरली होती. पंप चालू ठेवूनच मी वर आलो आणि सहावा परत लावला. मला ती लाकडावरची टक नीट ऐकायची होती. पंपाच्या आत ऐकायला आम्ही लांब पेचकस वापरतो. टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला. आत गोळी फुटली आहे की नुसतं तेल संपलंय, सगळं समजतं. मला वाटलं, स्पीकरच्या खोक्याला पेचकस लावून ऐकावं. ती म्हणालीच होती.

तुकडा सुरूच होता. मी उठलो, बाहेरच्या खोलीत पेटीपाशी गेलो, पेचकस घेतला, परत आलो. वाकलो. टोक खोक्याच्या लाकडाला टेकवलं.

समोर आकडा होता तीन दहा.

दोन आवाज यायला हवे होते. एक माझा, एक तिचा.

एकच आला.

पावलांचंही तसंच झालं होतं, हे मला नंतर जाणवलं. मी चाललो तेव्हा पावलं एकदाच वाजली होती.

मी पेचकस कानाशी धरून तसाच वाकून राहिलो. मूठ थंड होती. आत घरघर चालली होती आणि त्या घरघरीत कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं. मी श्वास सोडला. तोही सोडला गेला.

पंपाची आठवण झाली तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. जाऊन बंद केला. गच्चीवरून थोडं पाणी वाहिलं होतं.

चार दिवस मी सातवा लावला नाही. कामं केली. एका दवाखान्याचा पंप, एका शाळेचा. शाळेतले शिपाईकाका म्हणाले, मिस्त्री, हल्ली तुम्ही पेचकस जरा जास्तच वेळ कानाला धरता. मी म्हणालो, कान म्हातारे झाले.

घाबरलो होतो का? थोडा. पण त्याहून जास्त म्हणजे मला असं वाटत होतं की हा एकच उरलाय. सात तुकड्यांत तिने माझ्यासाठी जे काही ठेवलं असेल, ते यात असेल. आणि ऐकला की ते संपेल. ती जिवंत असताना मी तिचं ऐकलं नाही. आता ऐकायला बसलो होतो तर बारा मिनिटं उरली होती.

पाचव्या दिवशी लावला.

त्यात पंप चालू होता. साफ. मग पावलं, एक पूर्ण आणि एक ओढलेलं. स्टूल सरकल्यासारखं काहीतरी. मग बराच वेळ काही नाही.

मग बेल वाजली.

दोन सुरांची बेल. वरचा सूर, मग खालचा. खालचा थोडा जास्त रेंगाळणारा.

मी दाराकडे पाहिलं. आमच्या दाराला बेल नाही.

परत वाजली. स्पीकरमधली पावलं उठली. घाई नव्हती त्यांना. दारापर्यंत गेली. आमच्या दाराची कडी आधी वर उचलावी लागते आणि मग ओढावी लागते, नाहीतर अडकते. नवा माणूस नेहमी आधी ओढतो.

कडी आधी वर उचलली गेली.

मी बंद केलं. आकडा चार मिनिटं अकरा.

शनिवारी रेडिओवाला त्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. बराच वेळ दारावर थापा मारत होतो, म्हणाला. मी त्याला चार शब्द सांगितले, ती एक्स्चेंजमध्ये होती, सिंथेसायझर मोडका होता, मीठ जास्त घालायची. तो हसला. मग त्याने तोच प्रश्न विचारला, शैली का बदलली. मी म्हणालो, "ज्यांना ठोके आवडत होते त्यांचंही बरोबर होतं. मी त्यांच्यातलाच." त्याने यंत्र बंद केलं. तेव्हा मी विचारलं.

"सातव्यात पुढे काय आहे?"

"तुम्ही ऐकला?"

"चार मिनिटं अकरापर्यंत."

तो खाली बघत वायर गुंडाळत राहिला. "दार उघडतं," तो म्हणाला. "सातव्यात दोघं आहेत, काका. सहाव्यापर्यंत एकटा असतो तो."

"बोलतात?"

"एक जण बोलतं. शब्द कळत नाहीत, मी खूप प्रयत्न केला. पण बोलण्याची लय आहे. पाच मिनिटं सलग. बाई आहे असं मला वाटतं. आणि तो माणूस ऐकतो."

"ऐकतो हे कशावरून?"

"मध्ये मध्ये 'हं' करतो."

मी म्हणालो, "आणि शेवटी?"

"शेवट मला आवडत नाही," तो म्हणाला. "बायकोला तर तिथे काहीच नाही, शांतता आहे, असं ती शपथेवर सांगते. मला मात्र ऐकू येतं. दोघं उठतात. चार पावलं एकत्र बाहेर जातात, त्यांतलं एक ओढलेलं. दार लागतं. आणि ते यंत्र चालूच राहतं. कोणी बंद करत नाही. शेवटची दोन मिनिटं नुसतं पाणी वाहतंय, उंचावरून, भिंतीवरून. कुणीतरी लांबून हाका मारतंय."

"काय हाका?"

"स्पष्ट नाही." त्याने पिशवीची चेन लावली. "भाऊ, भाऊ, असं काहीतरी."

खाली टेलरबाईंचं मशीन चाललं होतं. तो उठला. दारात थांबला आणि म्हणाला, "काका, रागावू नका, मी तुमच्या मुलीला फोन केला होता. तुम्ही दार उघडत नव्हता म्हणून काळजी वाटली."

"बरं केलंत," मी म्हणालो.

चार वाजता मी पंप चालू केला आणि जिन्याखाली स्टुलावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी स्वतः बंद केला. हल्ली तसंच करतो. वर जात नाही.

मंगळवारी पार्सल आलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"मिळालं का, बाबा?"

"काय आहे त्यात?"

"उघडलं नाहीत? बेल आहे. दाराची. रेडिओवाले म्हणाले की माणसं तासन्‌तास दार वाजवत बसतात. आईला नको होती, पण आता लावून घ्या ना. तुमच्या तर हातचा मळ."

"आवाज कसा आहे?"

"बेलसारखा! बेलला काय आवाज असतो? दोन सुरांची आहे, दुकानात वाजवून दाखवली. छान आहे. खालचा सूर जरा रेंगाळतो." मग तिचा आवाज बदलला. "बाबा? ऐकताय ना?"

"हं," मी म्हणालो.

त्याला आता बारा दिवस झाले. खोकं टेबलावर आहे. आत बेल, दोन स्क्रू, वायरीचा तुकडा आणि दाराबाहेर लावायचं पांढरं बटण. चौकटीवर कुठे भोक पाडायचं ते मी पेन्सिलीने खूण करून ठेवलं आहे. दहा मिनिटांचं काम आहे. बेल अजून लावलेली नाही.